कागदाखालची माती

यंदा वैशाखात आमच्या अमोलनं शेततळ्यातला जुना कागद बदलायला काढला. कागद म्हणजे प्लॅस्टिकच, जाड आणि काळं; पण इथं निमगावात त्याला कागदच म्हणतात आणि बारामतीत वाढलेली मीसुद्धा आता दुसरा शब्द वापरत नाही. तळं रिकामं करून कागद गुंडाळून वर घेतला, तेव्हा मी चहाचा थर्मास घेऊन रानात गेले होते. खाली उघडी माती दिसली आणि माझे पाय काठावरच थांबले. अमोल म्हणाला, "आई, ये की खाली, चांगली टणक हाय." मी म्हटलं, इथूनच बरं दिसतंय.

बरं कसलं दिसतंय. भरलेलं तळं मला चालतं. त्यावर वारा येतो, एखादा बगळा उतरतो, पंपाची घरघर सोबतीला असते. रिकाम्या तळ्याला मात्र एक वास असतो, ओल्या गोणपाटाचा आणि बंद खोलीचा मिळून होईल तसा. तो नाकात गेला की नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा आपण होऊन समोर येऊन बसतो. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. चिंचेवरच्या हडळीच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. पण एखादा उन्हाळा घरात राहायला येतो आणि जायचं नावच घेत नाही, त्याला काय म्हणायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी या घरात नवी होते आणि पोटुशी होते. घरात आबा आणि आत्याबाई, म्हणजे माझे सासू-सासरे. थोरले दीर, त्यांना मी भाऊजी म्हणायचे. त्यांची बायको शेवंता, माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. आमचे हे बारामतीकडे नोकरीला, रविवारी उगवायचे आणि सोमवारी मावळायचे. माझे वडीलही नोकरदार माणूस, त्यामुळे माती म्हटलं की मला कुंडी आठवायची. आणि इथं मी आले ती थेट खड्ड्याच्या काठावर.

आबांच्या तरुणपणापर्यंत या घरात मेंढरं होती. पुढं जमीन कसायला लागले, मेंढरं गेली, डाळिंबाची बाग आली. कालव्याचं पाणी आमच्याकडे शेपटाला, येईल तेव्हा येईल. विहीर फाल्गुनातच तळ दाखवायची. तेवढ्यात इंदापूरच्या बाजूला कुणीतरी रानात तळं करून त्यात कागद घातल्याचं आबांच्या कानावर आलं. मोटरसायकलवर मागं बसून ते बघून आले आणि अंगणात चपला काढता काढताच म्हणाले, "आपुन तळं करायचं." त्यांच्या घरात निर्णय असेच व्हायचे, चपला पायातून निघायच्या आत. तळं तसं लहानच ठरलं, एखाद्या बंगल्याच्या बागेत बसेल एवढं. जागा वरच्या रानातली, घरामागच्या चढावरची; तिथून पाणी उतारानं आपोआप बागेत येणार. सगळ्यांना पटलं. भाऊजी काहीच बोलले नाहीत, पण भाऊजी तसेही बोलत नसत. त्यांच्या न बोलण्यात कोणी काही वाचायला जात नसे.

खोदायला मशीन आलं. मशीन बघायला अर्धा गाव लोटला. अक्का पहिल्या सकाळपासून तिथं जाऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावून ती मशीनच्या सोंडेकडं बघत राहायची. सोंड खाली जायची, मातीनं भरून वर यायची, वळायची, काठावर माती ओतायची. आणि प्रत्येक ओतण्याबरोबर अक्काची मान वळायची. जेवायला बोलावलं तरी येईना. आत्याबाई म्हणाल्या, "तिला काय जत्रंतला पाळणा वाटतोय व्हय?" आम्ही हसलो. मीही हसले. घरात नव्या आलेल्या माणसाला कशावर हसायचं आणि कशावर नाही हे कळायला वेळ लागतो.

खड्डा खोदणं सोपं असतं. कागदासाठी तो तयार करणं, हे खरं काम. कागद दिसायला दणकट, पण एवढा एक टोकदार खडा खाली राहिला, की वरच्या पाण्याच्या वजनानं तो आतून टोचत राहतो, आणि एक दिवस पाणी कुठं गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून खडे वेचायचे, मुळ्या तोडायच्या, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढायच्या, मग चाळलेली माती अंथरायची. आबांचं म्हणणं असं, की डोळ्याला दिसत नाही तो खडा तळपायाला सापडतो. आमच्या शेजारी पानमळे आहेत. तिथं चपला बाहेर काढून जायची रीत. आबांनी तीच रीत तळ्याला लावली. घरची माणसं आणि दोन-चार शेजारीपाजारी एका ओळीत उभं राहून, अनवाणी, पाय घासत या काठापासून त्या काठापर्यंत जायची. काही टोचलं की वाकायचं, उचलायचं, घमेल्यात टाकायचं. उतारांवर तळहातानं चाचपायचं. काम एवढंच, पण ते बघताना मला कसंतरी व्हायचं. माणसं चालतायत असं वाटायचंच नाही. माणसं काहीतरी हरवलेलं शोधतायत असं वाटायचं.

मला खड्ड्यात उतरायला आत्याबाईंची बंदी. काठावर लिंबाच्या सावलीत पोतं टाकून मला बसवलेलं. मी तिथून मुकादमकी करायचे. "भाऊजी, डाव्या हाताला काहीतरी चमकतंय." भाऊजी वाकायचे, काही सापडायचं नाही. आबा म्हणायचे, "सुमन, तुजं डोळं खाली आन पाय वर. कसं जमायचं?"

त्या ओळीत अक्का नेहमी मागं राहायची. सगळे पलीकडच्या काठाला टेकले तरी ती मध्येच. पाय टाकायची, थांबायची, वाकून जमिनीला हात लावायची आणि उठायची. हातात खडा नसायचा. मी वरून विचारलं, "काय सोनं शोधताय का अक्का?" तिनं वर बघितलं, हसली, आणि परत वाकली.

आता मेंढरांचं सांगते, कारण आमच्या घरी हे असंच होणार होतं. चाळलेली माती अंथरून झाल्यावर ती दाबून घ्यायची होती. बाकीचे लोक धुम्मस घेतात, ठोकत बसतात. आबा म्हणाले, "मेंढराच्या खुरावानी धुम्मस न्हाय. खूर बारीक, वजन बेताचं, आन येकदम चारशे पाय चालत्यात." त्यांचे चुलतभाऊ तात्या अजून मेंढरं राखायचे आणि तेव्हा जवळच्याच माळावर होते. मग माती भिजवली आणि संध्याकाळी तात्यांनी कळप खड्ड्यात घातला.

तो आवाज मी विसरले नाही. मेंढरं उघड्यावर ओरडतात तेव्हा तो आवाज पांगतो, कुणाचं लक्षही जात नाही. खड्ड्यात तोच आवाज कडांवर आपटून वर यायचा आणि कितीतरी लहान पोरं एकाच वेळी रडतायत असं वाटायचं. आबा खुशीत होते, कधी नव्हे ते शीळ घालत होते. तरुणपण परत आलं होतं त्यांचं. अक्का घरात गेली. मी पाणी प्यायला आत गेले तर ती चुलीपुढं दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेली. मी म्हटलं, डोकं दुखतंय का? ती म्हणाली, "व्हय. तसंच." पुढचे दोन-तीन दिवस मेंढरं तिथंच बसवली. जमीन खरंच अशी झाली की टाच रोवली तर रुतेना. लेंड्या झाडून बागेला टाकल्या. आबा येईल-जाईल त्याला ते दाखवायला न्यायचे.

पण कागद येईना. तो पुण्याहून यायचा होता, आज येतो, उद्या येतो असं चाललेलं. ऊन असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. घरोघरी कुरडया वाळत पडलेल्या. आणि एका सकाळी आबा तळ्याकडं गेले ते बराच वेळ परत आले नाहीत. मी जाऊन बघते तर काठावर डोकं धरून बसलेले. खाली तळाला हिरवं मिसरूड फुटलं होतं. सगळ्या रानात, सगळ्या माळावर एक हिरवं पान नव्हतं, आणि तेवढ्या त्या खड्ड्यात बारीक बारीक कोंब उभे.

"शेंगा," आबा एवढंच म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. उन्हाळ्यात मेंढरं बाभळीखाली पडलेल्या शेंगा खातात. शेंग पचते, बी पचत नाही. लेंडीतून जसंच्या तसं बाहेर येतं आणि उलट लवकर रुजतं. भिजवलेल्या मातीत मेंढरांनी ते खुरांनी पेरून दिलं होतं. "उभा जल्म मेंढरामागं ग्येला आन ह्ये ध्यानात आलं न्हाय," आबा म्हणाले. आत्याबाईंनी ही संधी सोडली नाही. जेवताना म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ द्या तसंच. बाभळी मोठ्या झाल्या म्हंजी तुमचा कागद वाळत घालायला कामाला येतील." आबांनी मुकाट्यानं भाकरी कालवणात बुडवली. काटेरी झाडाचं बी कागदाखाली ठेवून चालणार नव्हतं. एकेक कोंब मुळासकट उपटायचा, हे ओघानं आलं.

ते काम अक्कानं अंगावर घेतलं. सकाळी पाणी शिंपडायची, माती मऊ झाली की दोन बोटांनी कोंब धरून सरळ वर ओढायची. खाली पांढरं, लांबच लांब मूळ. काठावरून मी बघत राहायचे. तळ मोकळा होत गेला, आणि शेवटी एका अंगाला गोधडीएवढी जागा राहिली. ती राहिली ती राहिलीच. अक्का तिच्या चारी बाजूंनी वेचायची, तिथं हात घालायची नाही. मी ओरडून सांगितलं, "अक्का, तेवढं राहिलंय बघा." ती उठली, हात झटकले, वर आली आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसली. तांब्यातलं पाणी प्यायली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुज्याम्होरं बोलू नगं म्हणत्यात आत्याबाई. पर तू इचारलंस."

"काय झालं?"

"माजी हितंच कुठंतरी हाय."

"कोण?"

"लेक."

लिंबाचा मोहोर गळत होता, आमच्या दोघींच्या अंगावर, तांब्यात. ती सांगत होती आणि मी ऐकत होते. लग्नानंतर लवकरच झालेली तिची मुलगी. जन्मली, पण रडली नाही. अक्का तापानं बेशुद्ध. शुद्धीवर आली तोवर सगळं उरकलेलं. आमच्यात एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. बाप नाहीतर चुलता घेऊन जातो. बायका जात नाहीत. तिला एवढंच सांगितलं होतं, वरच्या रानात, बांधाकडंला. पुढं रान सपाट केलं त्यात तो बांधही गेला. सासूला विचारलं, सासू म्हणाली, इसर आता. नवऱ्याला विचारलं, तर तो उठून बाहेर गेला. पुन्हा विचारलं, पुन्हा उठून गेला. मग तिनं विचारणं सोडलं. पुढं मूलही झालं नाही. पण खुरपायला त्या रानात गेली की प्रत्येक पावलाला तिच्या मनात यायचं, इथं तर नसेल? कितीतरी वर्षं ती ते रान असंच खुरपत आली होती.

"मशीनच्या मातीत काय दिसलं?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"काय दिसणार. माती."

तांब्यात पडलेला मोहोर काढत ती म्हणाली, "आजवर मला वाटायचं, कुठं का आसंना, पाऊस तरी पडतोय तिच्या अंगावर. वारं लागतंय. आता ह्यो कागद आला म्हंजी..." पुढं तिनं हातानंच दाखवलं, पालथा पंजा जमिनीवर धरून. "कागदाखाली हाय का भाईर हाय, येवढं तरी ठावं हवं की न्हाय?"

मी पोटावरचा पदर सारखा केला. त्या क्षणी मला भीती वाटली, स्वतःची, माझ्या बाळाची, आणि त्या हिरव्या गोधडीएवढ्या तुकड्याची. खरं सांगायचं तर अक्काचीही वाटली.

घर गप्प होतं ते माझ्यामुळं, हे मला तेव्हा कळलं. पोटुश्या बाईसमोर असला विषय काढायचा नाही, म्हणून आत्याबाई गप्प, आबा गप्प. सगळ्यांच्या जिभेवर मी बसले होते. मला ते सोसेना. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "माझ्यापायी कुणी गप्प बसू नका. मला काही होत नाही." आत्याबाई खरकटी ताटं गोळा करत होत्या. म्हणाल्या, "तुला न्हाय हुणार. मला हुतंय." आणि ताटं घेऊन बाहेर गेल्या. त्यांनी 'इसर' म्हटलं होतं ते सुनेलाच म्हटलं होतं की स्वतःला, असा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. सासूविषयी माझी जी काही मतं होती, ती जरा बाजूला ठेवावी लागली.

इथं थांबून मला आत्ताचं काही सांगायचंय. तळ्यात कागद घातला की काम संपलं असं लोकांना वाटतं. ते तसं नसतं. पाणी तळाला गेलं की चैत्र-वैशाखात कुठूनतरी वारा कागदाखाली शिरतो. मग मधला कागद हळूच उचलला जातो, फुगतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि परत बसतो. परत फुगतो. अमोलला विचारलं तर तो सांगेल, हवा असते, त्यात काय. मलाही माहीत आहे, हवा असते. तरी मी दर उन्हाळ्यात त्या वेळेला रानात जायचं टाळत आले. अक्का मात्र जायची. काठावर बसून ते फुगणं आणि बसणं बघत राहायची. पुढच्या एका उन्हाळ्यात मी तिला म्हटलं, तुम्हाला भीती वाटत नाही? ती म्हणाली, "कशाची? माज्या घरातलंच हाय." काही घरांत भिंतीवर फोटो असतात, हार घातलेले. आमच्या अक्काला फोटो नव्हता.

भाऊजी आता नाहीत. अक्का आहे, गुडघे गेलेत, पण डोळे शाबूत. परवा अमोलनं तिला गाडीवर बसवून तळ्यावर नेलं. आता तळाला घालायला जाडसर कापड मिळतं, कागद जागेवर मशीननं चिकटवतात, कुणाला अनवाणी चालावं लागत नाही. अक्कानं सगळं बघितलं आणि म्हणाली, "माती नीट चाळा." एवढंच. मी तिच्याकडं चोरून बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे सगळं होतं, पण जागच्या जागी होतं. माझंच मेलं अजून काही जागेवर बसलेलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात कागद एकदाचा आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घडी घातलेला, उचलायला आठ-दहा माणसं लागली. तो सकाळी, वारा उठायच्या आत अंथरायचा असतो, म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरली. आबांनी तळ्यात नजर टाकली आणि भाऊजींना म्हणाले, "म्हादू, तेवढं उपटून घे रे." अक्कानं तेवढाच तुकडा का ठेवला ते आबांना ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. माझ्या मते ठाऊक होतं, आणि सुनेला सांगण्यापेक्षा मुलाला सांगणं त्यांना सोपं वाटलं.

ऊन कलल्यावर भाऊजी खाली उतरले. अक्का आधीच तिथं, त्या हिरव्या तुकड्याशेजारी मांडी घालून बसलेली. मी काठावर. भाऊजी उकिडवे बसले. त्यांनी कोंबांवरून हात फिरवला, उपटला एकही नाही. अक्कानं विचारलं, "कुठं ठिवली?" साध्या आवाजात, चहा टाकू का विचारावं तसं. मला वाटलं आता सांगतील. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, उठले आणि उतार चढून माझ्या बाजूनं निघून गेले. त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता. एक बोट दाखवायला काय जातंय या माणसाचं, असं मनात आलं.

अक्का जरा वेळ बसली. मग तिनं पाणी शिंपडलं आणि एकेक कोंब काढायला सुरुवात केली. मी न राहवून खाली उतरले, बंदी गेली खड्ड्यात. तिच्याजवळ उभी राहिले. ती म्हणाली, "मला कळत न्हाय व्हय ह्ये बाभळीचं हाय? मेंढराच्या पोटातनं आलंय. पर हिरवं हुतं. वाटलं, ऱ्हाऊ दे चार दिस." सगळे कोंब तिनं ओच्यात घेतले आणि वर येऊन तात्यांच्या एका कोकराला खायला घातले.

सकाळी सगळे काठावर जमले. उजाडलं होतं, पण ऊन यायचं होतं. कागदाची घडी एका काठाला ठेवून उलगडली आणि चारी बाजूंनी माणसं उभी राहिली. एका बाजूला एक हात कमी पडत होता. आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "सुमन, तू नुसती कड धर. वढू नगं." आत्याबाईंनी सरकून मला जागा करून दिली. माझ्या उजवीकडं अक्का, तिच्या पलीकडं भाऊजी. सगळ्यांनी कड छातीपर्यंत उचलली. काळा कागद खालून हवा धरून अधांतरी राहिला आणि त्याखाली तळ दिसेनासा झाला. आबा समोरच्या कोपऱ्यावर हात वर करून उभे. त्यांचा हात खाली आला की सगळ्यांनी एकदम हळूहळू सोडायचं, नाहीतर घड्या पडतात. सगळं शांत होतं. कागदाचा तेवढा बारीक फडफडाट.

अक्का समोर बघत म्हणाली, "तुमीच न्येली हुती नव्हं? मंग सांगायला काय हुतंय?"

भाऊजींना आता उठून जाता येत नव्हतं. दोन्ही हातांत कागद होता.

"केस लई हुतं तिला," ते म्हणाले.

अक्कानं मान वळवली. मीही वळवली. आबांनी ऐकलं असावं, त्यांचा हात वरच राहिला.

"जावळ. दाट, काळंभोर," भाऊजी म्हणाले. ते कागदाकडं बघून बोलत होते. "टॉवेलात गुंडाळली हुती, पर डोस्कं उघडं ऱ्हायलं. बांधावनं जाताना वारं सुटलं. जावळ हललं. मला वाटलं, तीच हलली."

"मंग?" अक्का म्हणाली.

"मंग थांबलो. म्हटलं, हलंल परत. लई येळ हुबा ऱ्हायलो तिला घिऊन. दिस बुडला, काय दिसंना झालं. मंग जितं हुबा हुतो तितंच... दुसऱ्या दिवशी ग्येलो, तर नांगरल्याल्या ढेकळांत मलाच वळखंना कुठं हुबा हुतो ते." "बाप आसून जागा ठावं न्हाय. काय सांगणार हुतो तुला?"

अक्कानं आपल्या मुलीला पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. इतकी वर्षं ती जागा विचारत होती, कारण तिला तेवढंच विचारता येत होतं.

"तोंड कसं हुतं?"

"तुज्यावानी. हनवटी तर तुजीच."

पलीकडच्या डाळिंबाच्या बागेत वारा उठल्याची सळसळ झाली. आबांनी तिकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, हात तसाच धरला.

"बरं केलं तुमी थांबला ते," अक्का म्हणाली.

मग तिनं आबांकडं बघून मान हलवली. आबांचा हात खाली आला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून कागद खाली सोडला.